फोटोतला चौथा माणूस

अण्णांनी काढलेल्या फोटोत माणसं शोधावी लागतात. देऊळ सापडतं, त्याचा कळस सापडतो, कळसावर बसलेला कावळाही एखादे वेळी सापडतो. पण त्या देवळाच्या पायरीशी आई, शालनआत्या आणि मी उभ्या आहोत, हे आधी सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील, सोलापुरात रेल्वेच्या कचेरीत कारकून. त्यांच्याकडे एक जुना डबा कॅमेरा होता. एका रोलवर बारा फोटो निघायचे. वर्षातून एकदा पास काढून कचेरीतल्या पाच-सहा घरांची मिळून सहल निघायची आणि त्या सहलीचे फोटोग्राफर अण्णा. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं, पण कॅमेराच त्यांचा असल्यामुळे काढून घेण्याचीही सोय नव्हती.

फोटो भर दुपारी काढायचा, कारण तेव्हा उजेड भरपूर असतो, असं अण्णांचं मत होतं. सूर्य काढणाऱ्याच्या पाठीशी हवा, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. कळस कापायचा नाही, देवाचा अपमान होतो. पाय कापायचे नाहीत, माणसाचा होतो. हे सगळं एका चौकटीत बसवायचं म्हणून अण्णा मागे मागे सरकत जायचे. विजापुरात एकदा ते असे सरकत सरकत उभ्या टांग्याच्या चाकाला जाऊन टेकले आणि तिथून काढलेल्या फोटोत आम्ही तिघी तांदळाएवढ्या आलो. जे फोटो जवळून निघाले त्यांत दुपारच्या उन्हामुळे डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. आता माझ्या फोनवर नातवंडं कुठून कुठून फोटो पाठवतात. मागे बर्फ लख्ख आणि पुढे सगळ्यांची तोंडं तव्याच्या बुडासारखी. मी लिहिते, उजेडाकडे तोंड करून उभे राहा, आणि चार पावलं जवळ जाऊन काढा. ती अंगठा पाठवतात आणि पुढचा फोटो पुन्हा तसाच काढतात. रक्त अण्णांचंच आहे.

आईचा नियम याहून कडक होता. फोटोत तिघं नकोत. तिघांचा फोटो काढला की त्यातलं मधलं माणूस जातं, अशी समजूत तेव्हा पुष्कळ घरांत होती. आमच्या घरात ती नुसती समजूत नव्हती, आईच्या दृष्टीनं तिला पुरावा होता. शालनआत्या अण्णांची धाकटी बहीण. तिला करमाळ्याला दिलं होतं. लग्नात तिचा, नवऱ्याचा आणि सासूचा असा एक फोटो निघाला, नवरा मधे. वर्षाच्या आत तो तापानं गेला. सासरच्यांनी आत्याला ट्रंकेसकट आमच्या दारात आणून सोडलं आणि ते चहा न घेता परत गेले. तेव्हापासून ती आमच्याकडे. आजी-आजोबा नव्हते, गावाकडे जमीन नव्हती. आमचं दोन खोल्यांचं घर सोडलं तर तिला जगात दुसरी जागा नव्हती. हे ती कधी बोलली नाही, पण पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायची, त्यावरून ते कळायचं.

अण्णा कॅमेऱ्यामागे गेले की समोर उरायच्या तिघीच. म्हणून प्रत्येक फोटोला चौथं माणूस शोधावं लागे. आमच्या अल्बमात एक फुलवाली आहे, दोन गाइड आहेत, आणि काठी घट्ट धरून श्वास रोखलेला एक पोलीस आहे. पाहुणे विचारायचे, हे कोण तुमचे? आई सांगायची, "कुणी न्हाय, चौथे हायत." पुढे पुढे अण्णांना अनोळखी माणसांच्या मागे लागायचा कंटाळा आला आणि त्यांनी एक कायमचा चौथा धरला. ते म्हणजे वाघमारेकाका. होटगी स्टेशनात पार्सलकडे कामाला असलेले, चाळिशीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले. मूलबाळ नव्हतं. सहलीची गाडी बहुतेक होटगीलाच बदलावी लागे, तिथे ते आपली वळकटी घेऊन आमच्यात यायचे. अण्णांनी "ओ वाघमारे, उभं र्‍हावा की जरा" म्हटलं की हातातली पिशवी खाली ठेवून आत्याच्या बाजूला, मधे हातभर जागा सोडून उभे राहायचे. चार सहलींच्या फोटोंत ते आहेत, हे मला नंतर भिंग घेऊन बसल्यावर कळलं. ते बौद्ध, आम्ही मराठा. सहलीत सगळ्यांचे डबे एकत्र उघडत, पण त्यांनी आणलेले पेरू आई आधी पाण्यात बुचकळून घ्यायची आणि बाकीच्यांनी आणलेली बोरं आम्ही तशीच खायचो. फोटोत चौथे म्हणून ते अण्णांना चालत होते. त्यापलीकडे काही चालण्या न चालण्याचा प्रश्न तोवर कुणी काढला नव्हता.

सहलीच्या आधीचे दोन दिवस घर भाकरीच्या आवाजानं भरून जायचं. आई परातीत थापायची, आत्या भाजायची. कडक भाकरी करायची म्हणजे ती पातळ थापून, भाजून, मग चुलीच्या कडेनं उभी करून पार वाळेपर्यंत सुकवायची. आठ दिवस टिकायची. उखळात शेंगाची चटणी कुटली जायची, तेल सुटून मुसळाला चिकटेपर्यंत. मागच्या गल्लीत माग चालायचे, त्यांच्या खडखडाटावर कुटण्याचा ठोका आपोआप बसायचा. रेल्वेच्या यार्डात रात्रंदिवस डबे जोडले जायचे, त्या धक्क्यांनी फळीवरच्या पितळ्या थरथरायच्या. एखाद्या दिवशी माग बंद असले की आम्हाला घर रिकामं वाटायचं. आत्या या गोंगाटात शिलाईमशीन चालवायची आणि शेजारणींच्या पोलक्यांना काजं करायची. ती गाणं म्हणत नसे आणि फारसं हसत नसे. हसली तर ओठ मिटून. मला ती तेव्हा म्हातारी वाटायची. हिशेब केला तर ती बत्तीस-तेहतिसची असेल.

रोल धुवायला द्यायचं काम माझ्याकडे होतं. नव्या पेठेत नरसय्यामामांचा स्टुडिओ होता. मामा तेलुगू, वडील विणकर. यांनी मागाऐवजी कॅमेरा धरला म्हणून घरात बरीच वर्षं अबोला होता, असं ते स्वतःच हसत सांगायचे. अण्णांचे फोटो देताना त्यांना दर वेळी दुःख व्हायचं. एकदा न राहवून म्हणाले, "अम्मा, अण्णाला सांग की. देऊळ पाहिजे असलं तर बाजारात पोस्टकार्ड मिळतंय. माणूस पाहिजे असलं तर माणसाजवळ जावं लागतंय." मी म्हटलं, अण्णा ऐकत नाहीत, मला शिकवा. मी तेव्हा अकरावी पास होऊन घरात बसले होते आणि मला कुणीतरी काहीतरी शिकवावं अशी माझी फार इच्छा होती. मामांनी मला एक आरसा दिला आणि रस्त्यावर उन्हात उभं केलं. माझेही डोळे खड्ड्यात गेले. मग दुकानात आत नेलं. अर्धं तोंड काळोखात. मग उंबऱ्यात बसवलं, तोंड रस्त्याकडे, पाठ दुकानाकडे. तिथे ऊन नव्हतं पण सगळा उजेड तोंडावर येत होता. शेवटी गल्ल्याखालून एक पांढरा सोलापुरी टॉवेल काढून माझ्या मांडीवर पसरला आणि म्हणाले, आता बघ. हनुवटीखालचा काळेपणा गेला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा बरी दिसत होते, आणि त्याला एक टॉवेल कारण होता. या गोष्टीचा मला त्या वयात जितका आनंद झाला तितका पुढे कशाचाही झाला नाही.

त्या वर्षी सहल बदामीला गेली. होटगीला गाडी बदलताना नेहमीप्रमाणे वाघमारेकाका आले. फलाटावर आम्ही दही-भाकरी खाल्ली. बदामीत लेण्यांच्या पायऱ्या चढून आम्ही पहिल्या गुहेशी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती, अण्णांची आवडती वेळ. त्यांनी अकरा फोटो काढले. सगळ्यांत डोंगर पूर्ण आहे. मग आईला घेऊन ते पुढच्या गुहेकडे निघाले आणि जाता जाता कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून म्हणाले, "एक उरलाय. काढून टाक. मला नवा रोल घालायचाय." त्या एका फोटोकडून त्यांची काहीही अपेक्षा नव्हती.

मी गुहेच्या ओसरीत उभी होते. बाहेर खडकावर पडलेलं ऊन आत उलटून येत होतं, लालसर, मऊ. नरसय्यामामांचा टॉवेल इथे डोंगराएवढा पसरला होता. ओसरीच्या कडेला, खांबाशी, आत्या आणि वाघमारेकाका उभे होते. बाकीची मंडळी वर गेली होती. काका काहीतरी ऐकत होते, हात मागे बांधून. बोलत होती आत्या, खाली बघून. ते काय बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तिकडे माझं लक्षही नव्हतं. मला फक्त दिसत होतं की आत्यानं मान वर केली की सगळा उजेड तिच्या तोंडावर येईल. डबा कॅमेऱ्यात वरून खाली बघायचं असतं. तो पोटाशी धरून बोटभर काचेत मान घालायची, त्यामुळे समोरच्याला आपला फोटो निघतोय याचा पत्ता नसतो. मी चार पावलं पुढे गेले, कॅमेरा दगडी कट्ट्यावर टेकवला आणि थांबले. आत्याचं बोलून झालं. काका काहीतरी एक-दोन शब्द बोलले. आणि आत्या मान वर करून हसली, दात दिसतील अशी, मी तोवर कधीच न पाहिलेली. काका तिच्याकडे बघत होते. मी खटका दाबला.

आठ दिवसांनी फोटो आले. अण्णांनी ते जमिनीवर मांडले, त्या रोलमधले अकरा अल्बमात लावले आणि बारावा बाजूला टाकला. "पाय कापलेत. डोंगर कुटंय? कुणाला सांगितलं तर खरं वाटंल का ह्ये बदामी हाय म्हणून?" आईनं तो फोटो उचलून बराच वेळ पाहिला आणि आपल्या पेटीत साड्यांखाली ठेवून दिला. मी पाकिटातली निगेटिव्ह परत मामांकडे घेऊन गेले. मला त्यांची शाबासकी हवी होती. ती मिळाली. मामांनी ती निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून दोनदा पाहिली आणि विचारलं, "अम्मा, मोठा करून दुकानाच्या काचेत लावू का? तुझं काम हाय म्हणून सांगतो सगळ्याला." मी हो म्हटलं. घरी विचारते, असंही मला म्हणता आलं असतं. आत्याला विचारते, असं तर माझ्या मनातही आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे तेव्हा आत्या नव्हती, तिच्या गालावरचा उजेड होता, आणि तो मी पकडला होता.

नव्या पेठेतून रोज निम्मं सोलापूर जायचं. चौथ्या दिवशी कचेरीतल्या एका साहेबांच्या बायको आमच्याकडे आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "शालनबाईंचा फोटो लागलाय की काचेत. लई गोड हाय. शेजारी वाघमारे न्हवं का ते? आमचे हे म्हणाले, लग्न कधी झालं, पेढे न्हाईत काय न्हाईत." आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. संध्याकाळी अण्णा तो मोठा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. स्टुडिओत ते काय बोलले ते मामांनी मला पुढे कधी सांगितलं नाही. घरात त्यांनी तो पाटावर ठेवला आणि आत्याला हाक मारली.

"ह्यो काय परकार हाय, शाले?"

आत्या फोटो बघत राहिली. तिनं तो तोवर पाहिलाच नव्हता.

"मी इचारतोय. कवापासनं चाललंय ह्ये? मीच त्याला बोलवून हुबा करत हुतो तुज्याजवळ. लोक काय म्हणत असतील मला?"

"दादा, तसं काय न्हाय."

"मग ह्ये काय हाय?" अण्णांनी फोटोवर बोट आपटलं. "आंधळा हाय का मी?"

अण्णा बोलत राहिले. जातीचं बोलले, करमाळ्याचं बोलले, माझ्या लग्नाचं कसं होणार ते बोलले. शेवटी म्हणाले, "माज्या घरात ह्ये चालायचं न्हाय. जायचं तर जा त्याच्याकडं." अण्णा वाईट माणूस नव्हते. सकाळी ते शब्द मागे घेतील असं आईला वाटत होतं आणि मला वाटतं त्यांनाही वाटत होतं. पण सकाळी आत्यानं भाकरी केल्या, झाकून ठेवल्या, ट्रंक भरली आणि मला म्हणाली, स्टेशनपर्यंत चल. अण्णा कोट घालून दाराशी उभे होते. ते बाजूला झाले, तिला जायला वाट मिळाली.

मी तिला होटगीच्या गाडीत बसवलं. मला भीती वाटत होती, पण खरं लिहायचं तर त्या भीतीखाली अभिमानही होता. दोन माणसांच्या मनातलं कुणाला दिसत नव्हतं, ते माझ्या फोटोत दिसलं, असं मला वाटत होतं. दोन महिन्यांनी त्यांनी नोंदणी करून लग्न केलं. आमच्याकडून कुणी गेलं नाही. पुढच्या सहलीला फोटोत आई आणि मी दोघीच, त्यामुळे चौथ्या माणसाची गरजच उरली नाही. अण्णा त्यानंतर कितीतरी वेळा होटगीला उतरले, तिथे गाडी बदलली, फलाटावर चहा प्यायले. स्टेशनामागच्या आत्याच्या घरी मात्र शेवटपर्यंत गेले नाहीत. आई माझ्याबरोबर चोरून दोनदा गेली. मी पुढे शाळेत चित्रकला शिकवली, सुटीत मुलांना फोटो काढायला शिकवलं, आणि दर वर्षी हा फोटो वर्गात दाखवायची. सांगायची, उजेड नीट असला आणि तुम्ही पुरेसे जवळ गेलात की माणसाच्या मनातलं फोटोत येतं. मुलं मन लावून ऐकायची. मी फार चांगली शिकवते असं तेव्हा सगळे म्हणायचे.

नोकरी संपल्यावर मी तो फोटो पुन्हा मोठा केला, चांगल्या चौकटीत घातला आणि होटगीला घेऊन गेले. काका तेव्हा होते. मागच्या नळावर हातपाय धूत होते. आत्या सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. तिनं पदराला हात पुसले, चौकट लांब धरून पाहिली.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "माजं नाक तवा बरं हुतं."

मी म्हटलं, "आत्या, तुमचं ठरलं तेव्हाच मी नेमकी तिथे होते."

"कुटलं ठरलंय?" तिनं चौकट भिंतीला टेकवली आणि पुन्हा शेंगा घेतल्या. "मी त्यास्नी न्हाय म्हणून सांगितलं तितं."

मला आधी वाटलं ती थट्टा करते आहे. आत्या कधी थट्टा करत नाही.

"दिवाळीत इचारलं हुतं त्यांनी, करता का लग्न म्हणून. मी म्हणलं, सहलीत सांगते. चार म्हैने झोप न्हवती मला. भावाचं घर सुटलं तर कुटं जाणार? तितं त्या खांबाजवळ सांगून टाकलं, जमायचं न्हाय, परत इचारू नका."

"मग हसत होतीस ती कशाला?"

"लई भ्या वाटत हुतं गं सांगायचं. वाटलं, चिडतील. न्हायतर हातापाया पडतील. ते म्हणाले, बरं. एवढंच. आन् म्हणाले, पायऱ्या झिजल्यात, उतरताना जपा." ती शेंगा फोडत राहिली. "मला हसू आलं."

ज्या घरासाठी ती नाही म्हणाली होती, ते घर माझ्या फोटोनं तिच्याकडून काढून घेतलं होतं. इतकी वर्षं मी मुलांना तो फोटो दाखवत होते. मी म्हटलं, "अण्णांना हे सांगायचं होतंस. मला तरी सांगायचं होतंस."

"सांगितलं की. तसं काय न्हाय, म्हणलं. फोटो हातात हुता त्यांच्या, माजं कोण ऐकतंय?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. नळ बंद झाल्याचा आवाज आला. काका आत यायच्या आधी मला एक विचारायचं होतं. मी विचारलं, नाही म्हणून सांगितलं होतंस, मग ट्रंक घेऊन त्यांच्याचकडे कशी आलीस?

आत्यानं सुपातली टरफलं फुंकून बाजूला केली.

"दुसरं कुटं जायचं हुतं?" ती म्हणाली. "आन् न्हाय म्हणल्यावर बरं म्हणणारा माणूस मी तवर बघितलाच न्हवता."